भारतातून इंग्लंडला आलात? लसींची वही आधी जीपी सर्जरीत दाखवा

पारिजातक

मी मिडलंड्समधल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, नर्स आहे. सप्टेंबर लागला की आमच्याकडे फ्लूच्या लसींची घाई सुरू होते आणि त्या निमित्ताने आपली मराठी मंडळी समोर येऊन बसतात. मी संगणकावर त्यांचं लसीकरणाचं पान उघडते, तर ते बहुतेक वेळा कोरं असतं. चाळिशीचा माणूस, इथे येऊन बरीच वर्षं झालेली, लहानपणी सगळं टोचून घेतलेलं, पण नोंद एकाही लसीची नाही. मुलांचंही तेच. पुण्या-नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी नीट तारखा घालून दिलेली फाइल कपाटात असते आणि सर्जरीला तिचा पत्ताच नसतो.

इथला नियम असा, की लेखी नोंद नसेल आणि खात्रीने सांगताही येत नसेल, तर लस झालेली नाही असं धरून पुढे जायचं. परत घेतल्याने सहसा अपाय होत नाही, पण लेकराला विनाकारण टोचलं जातं. मोठ्या माणसांचं उलटं होतं. त्यांचं काय राहिलंय हे कोणी विचारत नाही आणि कोणी बोलावतही नाही.

तेव्हा सर्जरीत नाव नोंदवलंत की त्याच आठवड्यात वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून द्या. माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही चालतं. मराठीत लिहिलेलं असेल तर शेजारी तारीख आणि लसीचं नाव इंग्रजीत लिहा. मग नर्सची वेळ मागून घ्या, डॉक्टरांची नको. हे काम आमचंच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ गोवराच्या लसीचा होतो. भारताच्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यात आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. इंग्लंडमध्ये पहिल्या वाढदिवसाआधीची मात्रा मोजत नाहीत. आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या वयात अजून अंगात असू शकतात आणि त्यामुळे लस पुरेशी रुजत नाही. भारतात गोवर लहान वयातच गाठतो, म्हणून तिकडे नवव्या महिन्यात देणं योग्यच आहे. पण इथल्या हिशोबात तुमच्या मुलाची एकच मात्रा झालेली असते. शिवाय त्या लसीत गालगुंड नाही, इथल्या एमएमआरमध्ये (गोवर-गालगुंड-रुबेला) आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्मिंगहॅम आणि आसपास गोवराची मोठी साथ आली होती, तेव्हा अशी 'दोन्ही झाल्यात' म्हणणारी घरं मी रोज पाहत होते.

विचारा, जमेल तसं उत्तर देते.

कोकणकडा

फार गरजेचा धागा. आम्ही मार्चमध्ये आलो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. मुलीला खासगी दवाखान्यात एमएमआर नऊ महिने, पंधरा महिने आणि पाचव्या वर्षी असं तीनदा दिलंय. मुलाचं पेंटा, रोटा, न्यूमो सगळं सरकारी केंद्रात झालं, गोवर-रुबेलाचं एक झालं. आता काय काय लागेल?

पारिजातक

मुलीचं नवव्या महिन्याचं सोडून द्या. उरलेल्या दोन मात्रा पुरेशा आहेत, तिला एमएमआर लागणार नाही. मात्र ती नोंद संगणकावर चढवून घ्या, नाहीतर तुम्हाला पत्रं येत राहतील.

मुलाला मेनिंगोकोकल बीची, म्हणजे मेन बी नावाची मेंदूज्वराची लस नक्की विचारा. ती भारतात नेहमीच्या वेळापत्रकात नाही, म्हणून त्याची झालेली नसणार. इथे ती दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळते, तेव्हा उशीर नको. आणि आणखी एक नवी गोष्ट: १ जानेवारी २०२६ पासून इथे बाळांना कांजिण्यांची लसही सुरू झाली. एमएमआरच्याच सुईत कांजिण्यांचा भाग घातलाय, म्हणून तिला एमएमआरव्ही म्हणतात. त्याच तारखेपासून दुसरी मात्राही तीन वर्षं चार महिन्यांवरून अठराव्या महिन्यावर आणली. मुलाच्या जन्मतारखेप्रमाणे कुठली मात्रा कधी, ते नर्स सांगेल. मुलीचा जन्म २०२० च्या आधीचा असता तर ही लस मिळाली नसती. आता तिच्या वयाच्या मुलांसाठी काय योजना आहे ते सर्जरीत विचारा. भारतात कांजिण्यांची लस विकत घेऊन दिली असेल तर ती वहीत शोधा.

शब्दवेडा

प्रश्न थोडा वेगळा. माझा भाचा सप्टेंबरमध्ये मास्टर्सला येतोय, वय २३. त्याला काही लागतं का? घरचे म्हणतात, एवढ्या मोठ्या मुलाला कसल्या लसी.

पारिजातक

त्यालाच लागतात! विद्यापीठाच्या वसतिगृहात शंभर देशांची मुलं एका छताखाली येतात आणि मेनिंजायटिस तिथे झपाट्याने पसरू शकतो. मेनएसीडब्ल्यूवाय नावाची लस २५ वा वाढदिवस होईपर्यंत मोफत आहे, परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांनाही. सोबत एमएमआरच्या दोन मात्रा झाल्यात का ते बघायचं. नसतील तर त्याही मोफत, आणि त्यांना वयाची अट नाही. त्याला म्हणावं, विद्यापीठाजवळच्या सर्जरीत पहिल्याच आठवड्यात नाव घाल, आजारी पडायची वाट बघू नकोस.

निशिगंध

नाव घालण्यावरून आठवलं. आम्हाला एका सर्जरीने बँकेचं स्टेटमेंट आणि व्हिसा दाखवल्याशिवाय नाव घालणार नाही असं सांगितलं. आम्ही तेव्हा मित्राकडे राहत होतो, स्टेटमेंट कुठून आणणार? तान्हं बाळ कडेवर आणि आठव्या आठवड्याच्या लसी तोंडावर. फार रडकुंडीला आले होते.

पारिजातक

निशिगंध, हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसाची सक्ती नाही. कागद मागू शकतात, पण कागद नाहीत एवढ्याच कारणावरून नाकारू नये असं एनएचएसचंच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचंच, सांगणं आहे. असं झालं तर प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचं, शांतपणे आणि शक्यतो लेखी.

ग्लासगोकर

एक भर घालतो. हे सगळं इंग्लंडचं झालं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक लसी आता जीपी सर्जरीत देतच नाहीत, ते काम हेल्थ बोर्डांकडे, म्हणजे त्या त्या भागाच्या आरोग्य मंडळांकडे गेलंय. पत्र हेल्थ बोर्डाकडून येतं आणि लस त्यांच्या केंद्रात मिळते. प्रवासाच्या लसींचंही तसंच. इकडे नव्याने आलेले लोक सर्जरीत खेटे घालतात आणि रिकाम्या हाताने परततात, म्हणून लिहिलं. वहीचा मुद्दा मात्र इथेही शंभर टक्के लागू.

आज्जी_वॉटफर्ड

मी वय वर्षे ७१, मुलाकडे कायमची राहायला आले. मला सर्जरीतून नागिणीच्या लसीचा निरोप आला. आमच्याकडे म्हणतात, नागिणीचा कमरेभोवती विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही. माझ्या चुलतसासूला झालेली मी पाहिली आहे, फार हाल झाले त्यांचे. पण लस घेतल्याने ती अंगात जागी तर होणार नाही ना? आणि त्यात काही मांसाहारी असतं असं शेजारीण म्हणाली. आम्ही माळकरी.

पारिजातक

आजी, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण याच दोन शंकांमुळे खूप जण परत जातात.

लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंत झोपून राहतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. विळखा पूर्ण होणं आणि माणूस जाणं यांचा संबंध नाही. खरा त्रास नंतरचा. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने तिथे आग होत राहते. तुमच्या चुलतसासूंचे हाल त्यामुळेच झाले असतील.

लस आता शिंग्रिक्स देतात. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्यामुळे ती नागीण जागी करूच शकत नाही. पूर्वीची झोस्टाव्हॅक्स जिवंत विषाणूची होती आणि तिच्यात डुकराचं जिलेटिन होतं. सप्टेंबर २०२३ पासून तिच्या जागी ही आली. शिंग्रिक्समध्ये जिलेटिन नाही. दंड दोन-तीन दिवस दुखेल, अंग कसकसेल, एखादा दिवस पडून राहावंसं वाटेल. दोन मात्रा लागतात, दुसरी सहा महिने ते वर्षभराने. दुसरी टाळू नका.

७० ते ७९ वयाच्या सगळ्यांना ती मिळते. १ सप्टेंबर २०२३ ला किंवा त्यानंतर ज्यांची पासष्टी झाली त्यांनाही. त्याआधीच पासष्टी ओलांडलेल्यांना सत्तरी गाठेपर्यंत थांबावं लागतं. हे ऐकून अनेक जण चिडतात आणि मला त्यांचं वाईट वाटतं, पण नियम तसा आहे. ऐंशी पूर्ण व्हायच्या आत पहिली मात्रा झालीच पाहिजे.

तुम्हाला न्यूमोनियाची लसही मिळेल. ती पासष्टीनंतर एकदा देतात आणि वर्षभरात कधीही मिळते. पंचाहत्तरी झाली की आरएसव्हीची (हा श्वसनमार्गाचा विषाणू), तीही एकदाच. फ्लूची मात्र दरवर्षी.

आणि आजी, इंग्रजीची अडचण वाटत असेल तर वेळ ठरवतानाच 'मराठी दुभाषा हवा' असं सांगा. फोनवर मिळतो, पैसे पडत नाहीत. नातवाला सुट्टी घ्यायला लावू नका.

आज्जी_वॉटफर्ड

देव भलं करो तुझं. सोमवारी फोन करते.

रानवारा

जिलेटिनचा विषय निघालाच आहे तर. शाळेतून नाकात मारायच्या फ्लूच्या फवाऱ्याचा फॉर्म आलाय. आम्ही जैन. ऑनलाइन वाचलं की त्यातही डुकराचं जिलेटिन आहे. सही केली नाही अजून. पण लस चुकवायचीही नाहीये.

पारिजातक

हो, फवाऱ्यात आहे. पण फॉर्मवरच सुईवाल्या लसीचा पर्याय मागता येतो आणि त्या लसीत जिलेटिन नसतं. 'नाही' अशी खूण करून फॉर्म परत पाठवू नका, नाहीतर मुलाला काहीच मिळत नाही. दरवर्षी कितीतरी आईवडील नेमकं तेच करतात.

एमएमआरचंही असंच. दोन कंपन्यांच्या लसी वापरात आहेत. प्रायोरिक्समध्ये जिलेटिन नाही, एमएमआरव्हॅक्सप्रोमध्ये आहे. कांजिण्यांसकटच्या लसीतही प्रायोरिक्स-टेट्रामध्ये नाही, प्रोक्वाडमध्ये आहे. वेळ घेतानाच सांगून ठेवलं की आम्ही फ्रिजमध्ये बाजूला काढून ठेवतो. ऐन वेळी सांगितलं तर कधी कधी परत यावं लागतं. श्रद्धा आणि लस दोन्ही सांभाळता येतात, फक्त आधी बोलायचं.

शाळकरी मुलांची फ्लूची लस शाळेत होते आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांची सर्जरीत. बारा-तेराव्या वर्षाची एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) आणि चौदाव्या वर्षाची धनुर्वात-घटसर्प-पोलिओची बूस्टरही शाळेतच. शाळेत त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर त्या पथकाच्या केंद्रावर भरून काढता येते.

भटक्या

मला फ्लूच्या लसीबद्दल मनापासून शंका आहे. दोन वेळा घेतली, दोन्ही वेळा त्याच आठवड्यात आडवा झालो. मग घ्यायची कशाला? मधुमेह आहे म्हणून सर्जरी मागे लागते.

पारिजातक

भटक्या, तुमचा अनुभव खोटा नाही. पण दंडात देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. घेतल्यावर दिवसभर कणकण येते, ती शरीराची तयारी. संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात आणि ऑक्टोबरमध्ये इथे सर्दी-खोकल्याचे दुसरे कितीतरी विषाणू फिरत असतात. त्या आठवड्यात दुसरंच काही गाठलं असणार.

लस घेऊनही फ्लू होतो कधी कधी, हे मी लपवणार नाही. पण मधुमेह्याला फ्लू झाला की साखर चढते, न्यूमोनिया होतो, दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. ते टळण्याची शक्यता लस वाढवते. तुम्ही गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर न्यूमोनियाच्या लसीलाही पासष्टीआधीच पात्र आहात. कोणी सांगितलं होतं का?

भटक्या

नाही, हे पहिल्यांदाच ऐकतोय.

पेठेतला

फ्लूला हलक्यात घेणाऱ्यांनी २००९ चं पुणं आठवावं. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू रुग्णालयापुढे तपासणीच्या रांगा. मी तेव्हा कॉलेजात होतो. इथे फुकट मिळते आणि आपण नको म्हणतो, याचं मला फार वाटतं.

सातवीण

मी पाच महिन्यांची गरोदर आहे. मिडवाइफने, म्हणजे गरोदरपणात तपासणाऱ्या सुईण-नर्सने, डांग्या खोकल्याची लस सांगितली. सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणतात की गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतात, हे कुठलं नवं? घ्यावी का?

पारिजातक

घ्याच. सासूबाई म्हणतात ते धनुर्वाताचं संरक्षणही याच सुईत आहे, त्यांना तसं सांगा, त्यांना बरं वाटेल. इथे ही लस गरोदर बायकांना २०१२ पासून देतात, सोळाव्या आठवड्यानंतर. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात उतरतात आणि दोन महिन्यांचं होऊन त्याची स्वतःची लस सुरू होईपर्यंत राखण करतात. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये डांग्या खोकला इतका वाढला की त्यात तान्ही बाळं दगावली. ज्यांनी अशा बाळाचा खोकला ऐकलाय, त्यांना मग काही समजावावं लागत नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्हीची लसही मिळेल, ती सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. फ्लूची हंगामात कधीही. गरोदर बायका आणि मुलांना ती १ सप्टेंबरपासून आणि बाकीच्यांना १ ऑक्टोबरपासून, असा गेल्या काही हंगामांचा क्रम आहे.

बाळ झाल्यावर आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतःहून विचारायची: बीसीजी, म्हणजे क्षयाची लस. भारतात जन्मतःच देतात, इथे सरसकट देत नाहीत. पण आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी भारतात जन्मलं असेल तर बाळ पात्र ठरतं. साधारण चार आठवड्यांनी देतात, आणि बहुतेक ठिकाणी सर्जरीत न देता वेगळ्या केंद्रात. मिडवाइफला आत्ताच सांगून ठेवा. नंतर दंडावर फोड येतो, त्याला तेल-हळद लावायची नाही, तसाच सुकू द्यायचा. बाळंतपणाला आई येणार असेल तर तिलाही हे सांगा.

सातवीण

आई डिसेंबरमध्ये येतेय. माझी रजा संपल्यावर बाळाला लसींना तिने नेलं तर चालेल का?

पारिजातक

चालेल, पण संमती तुमची किंवा तुमच्या नवऱ्याची हवी. आधी फोन करून किंवा चिठ्ठी देऊन कळवा. आणि लाल वही, म्हणजे बाळाच्या तब्येतीची रेड बुक, तिच्या पिशवीत द्या. मेन बीच्या लसीनंतर ताप येतो, त्यासाठी पॅरासिटामॉल लगेच सुरू करतात. किती आणि केव्हा ते आम्ही आजीला लिहून देतो.

गिरगावकर

आम्ही नाताळात कोल्हापूर-रत्नागिरी करून येणार आहोत. मुलं इथेच जन्मली, पहिल्यांदाच जाताहेत. आपलंच गाव आहे, आपल्यालाच काय लसी?

पारिजातक

गाव तुमचं, पोट मुलांचं! इथे टायफॉइडचे जे रुग्ण सापडतात, त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशात नातेवाइकांकडे जाऊन आलेलेच फार असतात. हॉटेलात उतरणारा पर्यटक बाटलीचं पाणी पितो, आपण काकूकडे जेवतो आणि तिथलंच पाणी पितो. तुमचंही लहानपणचं संरक्षण इतकी वर्षं टिकलेलं नसतं.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए, कॉलरा आणि पोलिओचा धनुर्वात-घटसर्पासह बूस्टर, या प्रवासी लसी एनएचएसवर मोफत आहेत. टायफॉइडची दोन वर्षांपुढच्या मुलांना देतात, तीन वर्षं पुरते. हिपॅटायटिस एचा दुसरा डोस सहा ते बारा महिन्यांनी घेतला की पंचवीस वर्षं बघायला नको. सहा ते आठ आठवडे आधी सर्जरीत या. सगळ्या सर्जऱ्या प्रवासाचं काम करत नाहीत. तसं असेल तर कुठे जायचं ते विचारा.

रेबीजची लस प्रवासासाठी मोफत नाही आणि महागही आहे. ती घ्या न घ्या, मुलांना एक मात्र शिकवून न्या: गावातल्या कुत्र्याला, पिल्लालासुद्धा हात लावायचा नाही. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सुट्टी संपल्यावर इथे येऊन बघू असं म्हणायचं नाही.

कोकणकडा

कालच नर्सची वेळ मिळाली. वही दिली. मुलीच्या नोंदी तिथेच चढवल्या, मुलाला मेन बी दिली. बायकोच्या आणि माझ्याही नोंदी विचारल्या, पण आमच्याकडे काहीच कागद नाही. धनुर्वाताची इंजेक्शनं मात्र पडझडीत कितीतरी घेतली आहेत. आता काय?

पारिजातक

कागद नसेल तर एमएमआरच्या दोन आणि धनुर्वात-घटसर्प-पोलिओच्या तीन मात्रा महिन्या-महिन्याच्या अंतराने देतात, पुढे दोन बूस्टर. एकूण पाच झाल्या आणि त्या नोंदवलेल्या असल्या की प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागत नाही. एमएमआर जिवंत विषाणूची आहे, तेव्हा बायको गरोदर असेल किंवा तुमच्यापैकी कोणी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेत असेल, तर नर्सला आधी सांगा. आणि कांजिण्या झाल्या होत्या का हे दोघांच्या आईंना विचारा. उष्ण देशांत वाढलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्या लहानपणी झालेल्या नसतात. पुढे बाळाचा विचार असेल तर ही माहिती लागते.

भटक्या

अपडेट. सर्जरीत फोन केला. न्यूमोनियाची उद्याच देतायत, फ्लूची ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी. दोन्ही एकाच दिवशी नाही घेता येत का?

पारिजातक

येतात, दोन दंडांत दोन. पण तुमची फ्लूची ऑक्टोबरमध्येच सुरू होणार, म्हणून न्यूमोनियाची आत्ता घेऊन टाका. शनिवारी येताना अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला, आमची रांग लवकर सरकते.